चार सामने मागे, वीस सामने बाकी: बॉस्टनकरांशी बेसबॉलवर कसं बोलावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याहून बॉस्टनला येऊन तुम्हाला वर्ष होत आलं. बेसबॉलचे नियम कळतात, अधूनमधून सामनेही बघता. पण सप्टेंबर लागला की जेवणाच्या सुट्टीत सहकारी बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाबद्दल जे बोलतात ते डोक्यावरून जातं. एक म्हणतो, चारच सामने मागे आहोत आणि वीस बाकी आहेत. दुसरा म्हणतो, अठ्ठ्याहत्तर साल विसरलास का? तिसरा यॅझचं नाव काढतो आणि चर्चा पन्नास वर्षं मागे निघून जाते. या जुन्या खेळाडूंबद्दल कुठून वाचायला सुरुवात करावी, असं तुम्ही विचारलंय.

वाचन इतक्यात नको. तुमची अडचण माहितीची आहे असं मला वाटत नाही. मी आमच्या गावच्या हौशी लीगची स्कोअरर आहे, बरीच वर्षं पेन्सिल आणि वही घेऊन मैदानाच्या कडेला बसते, आणि बाजूच्या बाकांवर जे बोलणं चालतं ते नुसतं ऐकूनही माणूस खूप शिकतो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: सप्टेंबरात जुना खेळाडू आठवणीसाठी क्वचितच काढतात. तो साक्षीला बोलावलेला असतो. 'या वर्षी आशा धरायची की नाही' हा खटला चालू असतो आणि प्रत्येक जण आपापल्या बाजूचा साक्षीदार उभा करत असतो. कोण कशासाठी कुणाला उभं करतोय हे ओळखता आलं की निम्मी चर्चा आपोआप उलगडते. पण त्याआधी हिशेब यायला हवा.

समजा पहिल्या संघाचे ८२ विजय आणि ६० पराभव आहेत, आपले ७८ आणि ६४. विजयांतला फरक चार, पराभवांतला फरक चार, दोन्हींची बेरीज करून निम्मे करायचे, म्हणजे आपण चार सामने मागे. दोन्ही संघांचे सामने सारखे झालेले नसले की यात अर्धा येतो, एवढंच. मोसम १६२ सामन्यांचा, म्हणून दोघांचे वीस-वीस उरले. आता पुढच्याने वीसपैकी दहाच जिंकले तरी तो ९२ वर थांबतो. आपल्याला नुसती बरोबरी करायची तर वीसपैकी चौदा जिंकायला हवेत. प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा समसमान मानला तर वीसपैकी चौदा किंवा जास्त जिंकण्याची शक्यता साधारण सहा टक्के येते. संघ जरा बरा असेल, दर सामन्याला ५५ टक्के संधी धरली, तर तेरा टक्क्यांच्या आसपास. 'चारच सामने' मधला 'च' किती जड आहे ते यावरून कळेल.

जाणकार माणूस तक्ता बघताना आधी पराभवांच्या रकान्याकडे बघतो. न खेळलेला सामना अजून जिंकता येतो, पण झालेला पराभव कुणी पुसून देत नाही. दोन संघांचे खेळून झालेले सामने कमीजास्त असतील तर खरी परिस्थिती त्याच रकान्यात दिसते. 'मॅजिक नंबर' म्हणतात तोही यातूनच निघतो. १६३ मधून पुढच्याचे विजय आणि मागच्याचे पराभव वजा करा. वरच्या उदाहरणात १६३ उणे ८२ उणे ६४, म्हणजे १७. पुढच्याचा एक विजय किंवा मागच्याचा एक पराभव, काहीही झालं तरी हा आकडा एकाने उतरतो. शून्यावर आला की पुढच्याची पहिली जागा पक्की, विषय संपला.

हे सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि इथेच सरसकट उत्तर देता येत नाही. उरलेल्या वीसपैकी सहा सामने थेट पहिल्या संघाशीच असतील तर चित्र पार बदलतं, कारण समोरासमोरच्या एका विजयाने पूर्ण एक सामन्याचं अंतर कापलं जातं. सहापैकी पाच मारले की चार सामन्यांची पिछाडी तिथेच संपते. उलट पुढचा संघ दुसऱ्या टोकाला तळाच्या संघांशी खेळत असेल तर आपण कितीही जिंकलो तरी फक्त त्याचा निकाल बघत बसायचं. पिचरांची, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांची, पाळी कशी येतेय, कुणाचा खांदा दुखतोय, यावरही बरंच ठरतं. म्हणून कुणी 'चार मागे' म्हणालं की मी आधी विचारते, त्यांच्याशी किती उरलेत? हा एक प्रश्न तुम्हीही विचारून बघा. टेबलावर तुमच्याकडे बघण्याची नजर बदलेल.

आता अठ्ठ्याहत्तर. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण बॉस्टनमध्ये ती अर्धीच सांगतात.

१९७८ च्या १९ जुलैला न्यूयॉर्क यँकीज रेड सॉक्सच्या १४ सामने मागे होते. त्यांचा मॅनेजर बिली मार्टिन पाचच दिवसांनी राजीनामा देऊन गेला आणि बॉब लेमन आला. इकडे बॉस्टनचा शॉर्टस्टॉप रिक बर्लसनच्या घोट्याला दुखापत झाली. थर्ड बेसवरचा बुच हॉब्सन कोपरात हाडाचे तुकडे घेऊन खेळत होता. त्या मोसमात त्याच्या नावावर ४३ एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुका, लागले. सप्टेंबरच्या ७ ते १० तारखांना यँकीज फेनवेवर, म्हणजे बॉस्टनच्या मैदानावर, आले तेव्हा आघाडी चारवर आली होती. चार दिवसांत चार पराभव: १५-३, १३-२, ७-०, ७-४. एकूण ४२ धावांना ९. चौथ्या दिवशी मॅनेजर डॉन झिमरने अनुभवी बिल लीला बाकावर ठेवून बॉबी स्प्रोल नावाच्या नवख्या मुलाला पिचिंगला पाठवलं. त्याला पहिली इनिंगसुद्धा पूर्ण करता आली नाही. बिल ली आणि झिमर यांचं पटत नव्हतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. मॅनेजरने माणसाशी असलेला राग बाजूला ठेवून पिचर निवडायला हवा होता असं माझं मत आहे, आणि यावर माझी शेजारच्या आजोबांशी दरवर्षी खडाजंगी होते.

बहुतेक जण गोष्ट इथे थांबवतात आणि थेट यँकीजच्या बकी डेंटच्या होमरनवर, म्हणजे मैदानाबाहेर गेलेल्या फटक्यावर, उडी मारतात. मधलं काय? मधे रेड सॉक्स साडेतीन सामने मागे पडले आणि मग त्यांनी शेवटच्या १४ पैकी १२ सामने जिंकले, शेवटचे आठ सलग. अखेरच्या दिवशी लुईस टियांटने टोरांटोला एकही धाव दिली नाही, ५-० ने सामना काढला, आणि तिकडे क्लीव्हलँडने यँकीजना ९-२ हरवलं. दोघेही ९९ विजय, ६३ पराभव. म्हणजे तुमच्या सहकाऱ्याने निराशेसाठी बोलावलेला हा साक्षीदार उलटतपासणीत दुसऱ्याच बाजूने बोलायला लागतो: जवळपास तुमच्याइतकीच पिछाडी, तुमच्याहून कमी सामने हातात, आणि तरी बरोबरी झाली होती. पुढच्या वेळी कुणी 'अठ्ठ्याहत्तर' म्हणालं की शांतपणे विचारा, आधीची घसरण म्हणताय की शेवटचे दोन आठवडे?

२ ऑक्टोबरला फेनवेवर एकाच सामन्यात फैसला झाला. यॅझने, म्हणजे कार्ल यास्ट्रझेम्स्कीने, यँकीजचा पिचर रॉन गिड्री याला होमरन मारला. २-० अशी आघाडी होती. सातव्या इनिंगला दोन गडी बेसवर असताना बकी डेंट आला. यँकीजच्या फळीतला शेवटचा बॅटर, त्या मोसमात तोवर चार होमरन. माइक टोरेझचा एक चेंडू त्याने स्वतःच्याच पायावर मारून घेतला, लंगडत बाजूला झाला, मिकी रिव्हर्सची बॅट घेतली आणि पुढचा चेंडू डावीकडच्या उंच हिरव्या भिंतीवरून जाळीत गेला. ३-२, आणि त्याच इनिंगला आणखी एक धाव, ४-२. आठव्यात रेजी जॅक्सनच्या होमरनने ५-२ झालं, बॉस्टनने दोन धावा परत काढल्या, ५-४.

मला मात्र नववी इनिंग जास्त महत्त्वाची वाटते. समोर गूस गॉसेज पिचर. एक गडी बाद. बर्लसनला वॉक, म्हणजे चार बाहेरच्या चेंडूंवर फुकटचा बेस, मिळून तो फर्स्ट बेसवर. जेरी रेमीने उजवीकडे चेंडू मारला. राइट फील्डला लू पिनेला उभा, दुपार कलती, ऊन थेट डोळ्यांत. त्याला चेंडू दिसलाच नाही. तरी तो चेंडू समोर असल्यासारखा उभा राहिला, आणि टप्पा पडून बाजूने निघालेल्या चेंडूला त्याने हातमोजा आडवा घातला. पिनेला कॅच घेणार की काय, या शंकेत बर्लसन मधेच थबकला होता, त्यामुळे तो सेकंड बेसवरच थांबला. पुढचा जिम राइस. त्याचा उंच फटका उजवीकडे खोलवर कॅच झाला. बर्लसन थर्डवर असता तर त्या कॅचवर धावत घरी आला असता आणि ५-५ झाले असते. तसं झालं नाही. शेवटी यॅझ आला, आणि त्याचा वर उडालेला चेंडू थर्ड बेसपाशी ग्रेग नेटल्सने झेलला. सामना संपला.

स्कोअररच्या वहीत हे कसं उतरतं बघा. रेमीच्या चौकटीत एक साधा सिंगल, म्हणजे एका बेसचा फटका. वहीत मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो, म्हणून राइसच्या चौकटीत राइट फील्डचा नऊ. यॅझच्या चौकटीत थर्ड बेसचा पाच. उन्हाला वहीत खूण नाही. म्हणून मी नवीन मुलांना सांगते की समासात दोन शब्द लिहून ठेवत जा.

टोरेझचं काय झालं, हेही माहीत असू द्या. हा माणूस आदल्या वर्षी, १९७७ मध्ये, यँकीजकडून खेळला होता आणि वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, निर्णायक सामना त्यानेच जिंकून दिला होता. १९७८ मध्ये बॉस्टनसाठी त्याने १६ सामने जिंकले. पण गावाने लक्षात ठेवला तो एकच चेंडू. त्या १६ विजयांतला एक जरी कमी असता तर २ ऑक्टोबरचा सामना झालाच नसता, हे बोलून दाखवलं की टेबलावर थोडी शांतता पसरते. उलट रेमीचं बघा. तो मॅसॅच्युसेट्सचाच मुलगा. खेळणं थांबल्यावर त्याने अनेक वर्षं टीव्हीवर रेड सॉक्सचं समालोचन केलं, इतकं की आजच्या पिढीला तो खेळाडू होता हे नंतर कळलं. ५ ऑक्टोबर २०२१ ला यँकीजविरुद्धच्या बाद फेरीच्या सामन्याआधी, आजारी असताना, त्याने फेनवेवर मानाचा पहिला चेंडू टाकला आणि तो झेलायला होता १९७८ मध्ये बॉस्टनसाठी २० सामने जिंकणारा डेनिस एकर्सली. बॉस्टन ६-२ ने जिंकलं. महिनाअखेरीस रेमी गेला. तुमचे सहकारी 'रेम डॉग' म्हणून ज्याची आठवण काढतात तो हाच.

आशेच्या बाजूचा मोठा साक्षीदार १९६७. आदल्या वर्षी दहा संघांत नववे आलेले रेड सॉक्स शेवटच्या आठवड्यात चौरंगी शर्यतीत होते: मिनेसोटा, डेट्रॉइट, शिकागो आणि बॉस्टन. शेवटचे दोन सामने मिनेसोटाशी, फेनवेवर, आणि मिनेसोटा एका सामन्याने पुढे. ६-४, ५-३, दोन्ही बॉस्टनने जिंकले. त्या दोन दिवसांत यॅझ आठ वेळा अधिकृत बॅटिंगला आला आणि सात हिट मारून गेला. नंतर कपडे बदलायच्या खोलीत रेडिओला कान लावून सगळे डेट्रॉइटचा निकाल ऐकत बसले. डेट्रॉइट हरलं आणि पेनंट, म्हणजे लीगचं विजेतेपद, बॉस्टनला मिळालं. किती विजयांवर? ९२. वरच्या हिशेबातला आकडा मी उगीच घेतला नव्हता.

पण इथेही एक पाचर आहे. १९६७ ला लीगमध्ये जो पहिला तोच विजेता, दुसऱ्याला काही नाही. १९६९ पासून लीगचे दोन विभाग झाले. १९७८ मध्ये ९९ सामने जिंकणारा संघ, म्हणजे दोन्ही लीग धरून दुसरा सर्वोत्तम संघ, ऑक्टोबरात घरी बसला. आता प्रत्येक लीगमध्ये तीन विभाग आहेत आणि त्यांच्या विजेत्यांखेरीज तीन संघांना वाइल्ड कार्ड, म्हणजे बाद फेरीत प्रवेश, मिळतं. २००४ मध्ये रेड सॉक्स विभागात यँकीजच्या तीन सामने मागेच राहिले होते, वाइल्ड कार्डवर आत आले, त्याच यँकीजशी मालिकेत ०-३ असे मागे पडून ४-३ जिंकले आणि १९१८ नंतर पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज घेतली. त्यामुळे 'चार मागे' म्हणजे कुणाच्या चार मागे, विभागातल्या पहिल्याच्या की शेवटच्या वाइल्ड कार्डच्या, हे आधी ठरवून घ्या. अर्ध्या लोकांच्या डोक्यात एक असतं, अर्ध्यांच्या दुसरं, आणि भांडण मात्र जोरात. शिवाय २०२२ पासून बरोबरी झाली तर जादाचा सामना नाही. आपसातल्या सामन्यांत ज्याचे विजय जास्त, तो पुढे. २ ऑक्टोबर १९७८ सारखा दिवस आता होणार नाही, हे जुन्या मंडळींना मनातून खुपतं.

वाइल्ड कार्डने काळजी मिटली असंही समजू नका. २०११ च्या ३ सप्टेंबरला रेड सॉक्स टँपा बेच्या नऊ सामने पुढे होते. सप्टेंबरात बॉस्टन सात जिंकलं आणि वीस हरलं. शेवटच्या रात्री बाल्टिमोरकडून ४-३ ने हरले आणि काही मिनिटांत तिकडे ०-७ ने मागे असलेल्या टँपाने बाराव्या इनिंगला इव्हान लाँगोरियाच्या होमरनवर सामना मारला. तुमचा तिशी-पस्तिशीचा सहकारी निराश असेल तर त्याच्या डोक्यात हे असतं. साठीच्या पुढचा असेल तर डेंट.

आता जुन्या-नव्या खेळाडूंची तुलना. हा वाद टाळता येणार नाही, तेव्हा एक उदाहरण पक्कं करून ठेवा. गिड्रीचा १९७८ चा इआरए १.७४. पेड्रो मार्टिनेझचा २००० सालचा इआरएही १.७४. दर नऊ इनिंगला पिचरमुळे किती धावा गेल्या त्याचा हा आकडा, म्हणजे जितका कमी तितका चांगला. आकडा तोच, मग दोघे सारखे का? १९७८ मध्ये अमेरिकन लीगची सरासरी पावणेचारच्या आसपास होती. २००० मध्ये ती पाचला टेकली होती, बॅटर धुमाकूळ घालत होते, आणि पेड्रोनंतरचा सर्वोत्तम इआरए रॉजर क्लेमेन्सचा होता, ३.७०. मैदान आणि काळ जमेस धरून सरासरी १०० मानणारं एक माप आहे, त्यात जितकं जास्त तितकं चांगलं: गिड्री २०८ आणि पेड्रो २९१. यँकीजचा माणूस लगेच म्हणेल की गिड्रीने २७३ इनिंग टाकल्या, पेड्रोने २१७. बरोबर आहे त्याचं. या मुद्द्यावर वाद सन्मानाने संपवता येतो, आणि मी पेड्रोच्या बाजूने आहे.

बॅटरांचंही तसंच. यॅझ १९६८ मध्ये .३०१ च्या बॅटिंग सरासरीने लीगमध्ये पहिला आला. आकडा फिका वाटतो, पण त्या वर्षी पिचरांनी इतकं छळलं होतं की पुढच्या मोसमात पिचरचा उंचवटा १५ इंचांवरून १० वर आणावा लागला. टेड विल्यम्सच्या १९४१ च्या .४०६ बद्दल कुणी वाद घालत नाही, त्याच्या एकूण ५२१ होमरनबद्दल मात्र बॉस्टनकर हमखास म्हणणार की युद्धाने त्याची वर्षं खाल्ली. १९४३ ते ४५ पूर्ण, आणि कोरियापायी १९५२-५३ ची बहुतेक. विजय मर्चंट यांच्या वाट्याला दहाच कसोट्या आल्या हे सांगताना आपण युद्धाचा उल्लेख करतोच, तसंच हे. आणि १९४१ ला ते .४०६ असूनही संघ यँकीजच्या १७ सामने मागे राहिला होता. एका माणसाने शर्यत जिंकता येत नाही असं सांगायचं असेल तेव्हा टेडला बोलावतात.

प्रत्यक्षात काय कराल? पहिले काही दिवस आकडे फेकू नका. नवा माणूस मोबाइलवर बघून सरासरी सांगायला लागला की जुने गप्प होतात, मी अनेकदा बघितलंय. त्याऐवजी विचारा, डेंटचा होमरन गेला तेव्हा तुम्ही कुठे होता? २ ऑक्टोबर १९७८ हा सोमवार होता आणि सामना दुपारी होता, त्यामुळे उत्तरं फार मजेशीर येतात: वर्गात लपवलेला ट्रान्झिस्टर, शाळा बुडवणं, ऑफिसातून काढलेला पळ. त्यात तुम्हाला रेमी, राइस, बर्लसन सगळे भेटतील, आणि वाचून कळले असते त्याहून नीट लक्षात राहतील. मग सकाळी तक्ता उघडून पराभवांचा रकाना बघायची सवय लावा आणि एखाद्या संध्याकाळी टीव्हीऐवजी रेडिओवर सामना ऐका, वहीत चौकटी भरत. पहिल्या दोनतीन सामन्यांत गोंधळ होईल. चौकटींचा नमुना हवा असेल तर सांगा, आमच्या लीगच्या वहीचं कोरं पान पाठवते.

तुमच्या वीस सामन्यांपैकी किती पहिल्या संघाशी आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळवलंत तर आशा कितपत धरायची ते सांगेन.